झांकून ठेविलेलें ताट

मुलांना पांखरांचा लळा असतो, त्याचें कौतुक सर्वच करितात. परंतु तो लळा सोसणाऱ्या घराचें कौतुक क्वचितच होतें. निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांच्या बालपणाचा वृत्तांत वाचतांना आम्हांस राहून राहून त्यांच्या मातोश्रींचेंच नवल वाटलें.

डरेल यांचा जन्म १९२५ सालीं आपल्या जमशेदपुरास झाला. वडील निवर्तल्यावर हें कुटुंब इंग्लंडास गेलें व १९३५ मध्यें ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहावयास आलें. तेथें दहा वर्षांच्या या मुलानें घरांत पांखरांचें केवढें बिऱ्हाड थाटलें, तें १९५६ सालच्या त्यांच्या पुस्तकांत वाचावें. युलिसिस नांवाचें इवलेंसें घुबड. वडील बंधूंच्या खोलींत शिरून लेखनाचे कागद उधळणारे, कावळ्याच्या कुळांतले दोन मॅगपाय. आणि ग्रामोफोनवर कवायतीची चाल लागली कीं छाती काढून चालणारा क्वासिमोदो नांवाचा पारवा. या क्वासिमोदोनें एके दिवशीं चक्क अंडें घातलें! पुढें ही मादी जोडीदारासह बागेंत राहावयास गेली.

घरांत कुरकूर झाली, मॅगपायांस पिंजराही मिळाला. परंतु मुलाचा नाद कोणीं मोडिला नाहीं. याच मुलानें १९५९ सालीं जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय उघडलें, आणि मॉरिशसच्या गुलाबी कबुतरांचा बुडूं पाहणारा वंश सांवरण्यास त्या संस्थेचा मोठा हातभार लागला.

हें ऐकून आमच्या धाकट्या नातवानें परसांतील आंब्याच्या ढोलींतलें पिंगळ्याचें पिलूं पाळण्याचा हट्ट धरिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील रानपक्षी, अगदीं पोपटसुद्धां, घरीं बाळगतां येत नाहीं, हें आम्हीं त्यास समजावून सांगितलें. त्याचे डोळे भरून आले. नुसता नकार देऊन उठणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

तेव्हांपासून तिन्हीसांजेस तो व आम्ही माडीच्या खिडकीशीं दिवा मालवून बसतों. पिंगळे ढोलीबाहेर येतात, मान खालीं-वर करून आम्हांस न्याहाळितात, किडे टिपून पिलांस भरवितात. नातू सारें वहींत लिहून ठेवितो. जेवणाची वेळ टळते. स्वयंपाकघरांतून दोन हांका येतात, तिसरी येत नाहीं. सूनबाईंनीं आतां त्याचें ताट झांकून ठेवण्यास आरंभ केला आहे.

वाचकांच्या घरींही असें एखादें ताट झांकून ठेविलें जावें, एवढीच विनंति.