नोंदीत निर्दोष दिसणारा जॉब

अनेक संशोधक रांगेने वापरतात अशा संगणकांच्या समूहावर, म्हणजे सामायिक क्लस्टरवर, वेळमर्यादा संपून थांबलेल्या जॉबचे, म्हणजे तिथे चालवायला दिलेल्या कामाचे, निदान कोणीही करतो. वापरकर्त्यांना मदत करणाऱ्या मुरलेल्या साहाय्यकालाही छळतो तो मेमरीपायी मारला गेलेला, पण नोंदीत निर्दोष दिसणारा जॉब. वापरकर्त्याने १६ गिगाबाइट मागितलेले असतात, हिशेबात कमाल वापर ९ दिसतो, आणि एक्झिट कोड १३७ येतो. ही १२८ आणि ९ यांची बेरीज असून ९ हा लिनक्समधला प्रक्रिया तत्काळ संपवणारा सिग्नल आहे. तो कोणी पाठवला, हे मात्र त्या आकड्यात नसते.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ मध्ये सुरू झालेली स्लर्म ही जॉबांना जागा व वेळ वाटून देणारी प्रणाली मेमरीचा वापर ठरावीक अंतराने, मूळ मांडणीत दर ३० सेकंदांनी, नोंदवते. उलट मर्यादेचा पहारा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अखंड करतो. पायथनमध्ये दोन मोठी कोष्टके जोडताना क्षणभर तिसरी प्रत तयार होते, मर्यादा ओलांडली जाते, जॉब मरतो आणि नोंदीत आधीचाच आकडा उरतो.

लॉगची शेवटची ओळ पाहताच निदान सांगण्यात साहाय्यकाला मोठा अभिमान वाटतो, परंतु शेजारी बसलेला शिकाऊ प्रत्येक वेळी ‘कशावरून?’ असे विचारू लागला, की त्या झटपटपणात मदतीइतकीच जाणकार दिसण्याची हौसही होती, हे मान्य करावे लागते. तरीही ‘मेमरी दुप्पट मागा’ एवढेच सांगून मोकळे होणाऱ्यांची पद्धत त्याहून वाईट आहे, कारण तिने जॉब कदाचित पार पडतो, पण तो रांगेत अधिक काळ अडकतो, वापराविना राखून ठेवलेली मेमरी इतरांना मिळत नाही, आणि प्रत नेमकी कुठे तयार झाली हे वापरकर्त्याला कधीच कळत नाही. ते कळले तर कोष्टक तुकड्यातुकड्यांनी वाचता येते आणि मूळच्या १६ गिगाबाइटांतही काम भागू शकते.

ती जागा बहुधा लॉगच्या आधीच्या ओळींवरून सापडते. म्हणून मदत मागणाऱ्यांनी शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट न पाठवता जॉबचा क्रमांक, स्क्रिप्ट आणि संपूर्ण आउटपुट फाइल पाठवावी.