तराजूच्या रस्त्यावरचे नाट्यगृह

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ट्रॉनगेट नावाचा एक जुना रस्ता आहे. स्कॉट्स भाषेत ‘ट्रॉन’ म्हणजे बाजारातला सार्वजनिक तराजू आणि ‘गेट’ म्हणजे रस्ता. या तराजूच्या रस्त्यावर १९८१ पासून ट्रॉन थिएटर चालते आहे, आणि ते ज्या वास्तूत चालते ती मुळात चर्चची वास्तू आहे. आमच्या अभ्यासक्रमात नाटकाच्या संहितेला जेवढे स्थान आहे, तेवढे ती संहिता जिथे उच्चारली जाते त्या जागेला नाही. पण जागेलाही स्मृती असते, आणि ती कधी कधी संहितेचा अर्थ पालटून टाकते. ट्रॉनची कथा आम्हांला महत्त्वाची वाटते ती यासाठीच.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे मेरी आणि संत ॲन यांच्या नावाने एक कॅथलिक चर्च उभे राहिले. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर त्याची रया गेली आणि १५९२ मध्ये ते प्रॉटेस्टंट उपासनेसाठी पुन्हा उभे करण्यात आले. त्या काळी शहरातील चर्चची व्यवस्था नगरपरिषदेकडे असे. धर्मोपदेशकाची निवडही तीच करी. म्हणजे ही वास्तू जितकी देवाची, तितकीच नगराचीही होती.

या नगराचे रंगभूमीशी मात्र सख्य नव्हते. १७६४ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर, ग्रॅहमस्टन येथे एक नाट्यगृह बांधले गेले. हद्दीबाहेर, कारण आत कोणी जागा देईना. ते उघडण्याच्या सुमारास जमावाने त्याच्या रंगमंचाला आग लावली. एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनाने हा जमाव चेतला होता, असे सांगितले जाते. पुढे १७९३ मध्ये आग लागली ती खुद्द ट्रॉन चर्चला. स्वतःला ‘हेल-फायर क्लब’ म्हणवणाऱ्या मद्यधुंद तरुणांचा तो प्रताप होता, असे परंपरा सांगते. मनोरा तेवढा वाचला. जेम्स ॲडम या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार १७९४ मध्ये जे नवे चर्च बांधले गेले, तीच आजच्या नाट्यगृहाची वास्तू. नाटक जाळणाऱ्या नगरातले जळालेले चर्च शेवटी नाटकाच्या हाती यावे, हा योगायोग कोणा नाटककाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

नाटक येण्यापूर्वीही येथे ‘प्रयोग’ होत नसत असे नाही. १८१५ ते १८१९ या काळात थॉमस चाल्मर्स हे ट्रॉनचे धर्मोपदेशक होते. खगोलशास्त्र आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ घालणारी त्यांची येथील प्रवचने १८१७ मध्ये ग्रंथरूपाने आली. ती ऐकायला कामधंदा सोडून माणसे गर्दी करीत. एकाने उंचावर उभे राहून बोलावे आणि शेकडोंनी श्वास रोखून ऐकावे, हा संस्कार या भिंतींवर रंगभूमीच्या आधीच झालेला होता.

याच चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून ‘फ्री चर्च’ निघाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव लाभले ते जॉन विल्सनही या नव्या चर्चला जाऊन मिळाले. त्याच १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले. दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. पण मराठीच्या अभ्यासकाला हे वर्ष तिथे भेटले की क्षणभर थबकायला होते.

विसाव्या शतकात ट्रॉनमधील उपासना थांबली. १९७३ मध्ये ग्लासगोचे ‘क्लोज थिएटर’ आगीत नष्ट झाले. प्रायोगिक नाटकाला त्यामुळे जी जागा उरली नव्हती, ती पुढे या रिकाम्या चर्चने दिली. १९८९ मध्ये येथे ‘द गिड सिस्टर्स’ हे नाटक झाले. मिशेल ट्रॉम्ब्ले यांच्या १९६८ मधील फ्रेंच नाटकाचा तो अनुवाद. मूळ नाटक मॉन्ट्रियलच्या कामगार वस्तीतल्या बोलीत आहे. बिल फिंडले आणि मार्टिन बोमन यांनी ते इंग्रजीत न आणता स्कॉट्समध्ये आणले. पंधरा बायका, एक स्वयंपाकघर आणि तोंडाला येईल तशी भाषा. नाटकात एके ठिकाणी रेडिओवर जपमाळेची प्रार्थना सुरू होते आणि भांडणाऱ्या बायका गुडघे टेकतात. मेरीची ही प्रार्थना ज्या वास्तूतून धर्मसुधारणेने हद्दपार केली होती, तिथेच ती नाटकाच्या निमित्ताने पुन्हा उमटली; आणि ज्या बोलीला व्यासपीठावर प्रतिष्ठा नव्हती, त्या बोलीचे बोट धरून उमटली. संहितेच्या पानावर हा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. तो जागेने दिलेला आहे.

हे वर्गात सांगितले तेव्हा कोकणातून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात नवल कसले? आमच्याकडे दशावतार देवळातच होतो.” प्रश्न रास्त होता. गोव्यातही जत्रेची नाटके देवळापुढेच होतात. देव आणि नाटक यांची आपल्याकडे तिथल्यासारखी फारकत झालीच नाही. पण देवळाचे आवार एके काळी सर्वांना खुले नव्हते, हेही त्याच वर्गात बोलावे लागले. मग प्रश्न असा उरला की, जागा पवित्र आहे की नाही याला महत्त्व द्यायचे, की तिथे कोणाला शिरता येते आणि कोणाच्या भाषेत बोलता येते याला? ती मुलगी स्वतः परीक्षेत जी मराठी लिहिते, ती तिच्या घरची नव्हे. तिच्या मालवणीला आमच्या वर्गात गुण नाहीत.

ट्रॉनमध्ये चर्चचा पराभव झाला आणि नाटक जिंकले, असे आम्हांला वाटत नाही. ऐकणारा समुदाय तिथे आधीपासून होता. बदलले ते बोलण्याचे अधिकार. तराजू रस्त्यावरून केव्हाच गेला. वजन करण्याचे काम मात्र त्या वास्तूत अजून चालू आहे: कोणाच्या शब्दाला किती वजन, याचे.