यतीची दाढी

राक्षस रंगवणं सोपं, म्हातारा रंगवणं त्याहून सोपं. रंगभूषाकाराचा कस लागतो तो नाटकातलंच पात्र वेष पालटतं तेव्हा. रंगमंचावरचे सगळे फसले पाहिजेत आणि शेवटच्या रांगेतला प्रेक्षक मात्र फसता कामा नये. आणि चेहरा एकच!

‘सौभद्र’ घ्या. १८८२पासून किर्लोस्करांचा अर्जुन यती होऊन द्वारकेत मुक्काम ठोकून आहे. बलराम त्याच्यापुढे हात जोडतो, सुभद्रा त्याच्या सेवेला येते. खरं काय ते कृष्णाला ठाऊक आणि आपल्याला. नवा नट हमखास म्हणतो, “दादा, दाढी दाट लावा, ओळखू येता कामा नये.” मी ‘बरं’ म्हणतो आणि विरळ दाढी काढतो. स्पिरिट गमचा हात कानशिलापासून हनुवटीपर्यंत फिरवायचा, जाळी दाबून बसवायची, पण गालाच्या हाडावर केस चढू द्यायचे नाहीत. भुवयांना तर हातच लावायचा नाही. माणूस भुवयांवरून ओळखू येतो. अर्जुनाच्या रेखलेल्या भुवया तशाच ठेवल्या की खाली छातीपर्यंत दाढी सोडा, प्रेक्षक मनातल्या मनात हसतोच.

खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) काम उलटं. श्रीमंत भामिनी गरीब वनमाला होते, तिथे लावायचं कमी, उतरवायचं जास्त. मला हे फार आवडतं. बहुतेक नट्यांना नाही आवडत.

अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त तर मावशी सुबक झाली की विनोद मेलाच. विजय चव्हाणांना बघताना लोक हसायचे ते लुगड्यात अडकलेल्या बाप्याला. बालगंधर्वांची गोष्ट निराळी. तिथे पुरुष विसरण्यासाठीच तिकीट काढलेलं असे.

दारावर येणारा बहुरूपी मला म्हणूनच आमच्यातला वाटतो. पोलीस होऊन दम भरतो, घरातली पोरं घाबरली की हसून बिदागी मागतो. शेवटपर्यंत कुणी ओळखलंच नाही तर त्याला पैसे कोण देणार?

मालिकेत गालावर तीळ चिकटवला की सख्खी सासू सुनेला ओळखत नाही, म्हणून लोक आम्हाला हसतात. हसू देत. तीळ ही सवलत लेखकाची आहे, नाटकाचा प्रेक्षकही ती राजीखुशीने देतो. माझी काळजी वेगळीच. कॅमेरा जवळ आला की जाळीची कड दिसते, आणि ती दिसली की लोकांना अर्जुन दिसत नाही, मी दिसतो.