पुढचा रोल नंबर

केंड्रिक लमार आमच्या वर्गात पूर्ण वाजला आणि प्रल्हाद शिंदे अर्ध्यावर बंद झाले, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. डिप्लोमा संपला, नोकरी लागली, वर्गातल्या कितीतरी जणांची लग्नं झाली. तरी चारचौघांत ढोलकीचा तो ठेका सुरू झाला की माझं लक्ष आधी स्पीकरजवळ बसलेल्या माणसाच्या हाताकडे जातं.

२०१८-१९ चं वर्ष. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते, आकुर्डी-निगडी भागातल्या एका कॉलेजात. राहायला देहूरोडला, लोणावळा लोकलनं एकच स्टेशन. पप्पा चाकणला एका व्हेंडर कंपनीत, शिफ्ट ड्यूटीवर. पिंपरी-चिंचवडमध्ये हे घराघरांत असतं, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. वर्गही इकडच्या सगळ्या वर्गांसारखाच. काही इथलेच, वडील टेल्को किंवा बजाजमध्ये असलेले. काही बीड, लातूर, उस्मानाबादहून आलेले, कॉट बेसिसवर राहणारे. आणि काही बिहार, ओडिशाचे, ज्यांचे भाऊ आधी चाकणच्या लाइनवर लागले आणि मागून यांना शिकायला बोलावून घेतलं.

गाण्याची कल्पना आमच्या सीआरची, म्हणजे वर्गप्रतिनिधीची. कल्पना उत्तम होती, हे मी आजही म्हणते. जिओ आल्यापासून प्रत्येकाच्या फोनमध्ये डेटा आणि प्रत्येकाच्या कानात इयरफोन. शेजारचा काय ऐकतो याचा पत्ता नाही. म्हणून वर्गणी काढून एक ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि ठरलं की मधल्या सुट्टीत डबे उघडले की रोल नंबरप्रमाणे एकानं एक गाणं लावायचं. बाकीच्यांना सहसा माहीत नसलेलं, आणि लावण्याआधी त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची. बस्स.

त्या स्पीकरनं मला खूप दिलं. ओडिशाच्या मुलानं संबळपुरी ‘रंगबती’ लावलं आणि ते गाणाऱ्या जितेंद्र हरिपाल यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली हे असं सांगितलं, जसं काही ते त्याचे काकाच. बिहारच्या मुलाची पाळी आली की पोरं आधीच हसायला लागायची, भोजपुरी म्हणजे काय ते यांना यूट्यूबवरून माहीत! त्यानं छठच्या दिवसांत शारदा सिन्हांचं गीत लावलं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. गाणं संपेपर्यंत कुणाच्या डब्याचा आवाज झाला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं बीटीएस लावलं, सातही पोरांची नावं सांगितली, आणि आठवड्याभरात अर्ध्या वर्गाला ती पाठ झाली.

सीआरनं केंड्रिक लावला. दोन वाक्यांची अट त्याचीच, पण तो चांगला पाच-सात मिनिटं बोलला. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंड्रिकच्या ‘डॅम’ या अल्बमला पुलित्झर मिळालं होतं. संगीताचं हे पारितोषिक तोवर शास्त्रीय किंवा जॅझ संगीतालाच मिळत आलेलं, रॅपला पहिल्यांदाच. मग त्यानं गुलामगिरी सांगितली, पोलिसांच्या गोळ्या सांगितल्या, काळ्या लोकांनी आपलं दुःख गाण्यात कसं ठेवलं ते सांगितलं. “हे नुसतं म्युझिक नाही, हिस्टरी आहे,” असं म्हणाला. इंग्रजी इतकं भरभर होतं की अर्धं डोक्यावरून गेलं, पण आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही मनापासून वाजवल्या.

माझी पहिली पाळी त्याआधीच येऊन गेली होती. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. तेव्हा रस्त्यावरच्या मांडवामांडवांत प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी लागतात. मी त्यातलंच एक लावलं. गाणं ऐकलेलं नाही असा वर्गात कुणी नव्हता, पण गायकाचं नाव कुणाला येत नव्हतं. मी सांगितलं, हे प्रल्हाद शिंदे, जन्म १९३३, गेले २००४ साली. गणपतीत ज्या पोपटाच्या गाण्यावर तुम्ही नाचता ते गाणारे आनंद शिंदे त्यांचे चिरंजीव, आणि सिनेमात गाणारा आदर्श शिंदे त्यांचा नातू. पोरं चाट पडली. “एका घरात एवढे?” सीआर म्हणाला, “भारी इन्फो दिलीस.” दोन-तीन दिवस मी वर्गात तज्ज्ञ होते.

आता देहूरोडचं सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतरची, १९५६ ची. त्यामुळे दर २५ डिसेंबरला आमच्याकडे माणसांचा पूर येतो. पुस्तकांचे, निळ्या झेंड्यांचे, कॅलेंडरांचे स्टॉल लागतात आणि गाणी वाजतात. पूर्वी कॅसेट विकायला असायच्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. आमच्या आजोबांकडे कॅसेटचा पत्र्याचा डबा होता. वामनदादा कर्डकांना त्यांनी समोर बसून ऐकलेलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा. मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला आणि हजारो गाणी लिहून गेला. आजोबा सांगायचे, वामनदादा गेले २००४ च्या मेमध्ये आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दोनदा सुतक पाळल्यासारखं झालं होतं.

त्या डिसेंबरमध्ये स्टॉलवर उभी असताना माझं ठरलं. पुढच्या पाळीला प्रल्हाद शिंदेच, पण भीमगीत. एकच आवाज विठ्ठलालाही आणि बाबासाहेबांनाही, यापेक्षा भारी इन्फो काय असणार होती?

जानेवारीत माझा नंबर आला. मी दोन वाक्यं बोलले: “मागच्या वेळचाच गायक. दोन्ही प्रकारची गाणी त्यांनी सारख्याच जिवानं गायली, म्हणून हे आणलंय.” फोन जोडला. सुरुवातीला हार्मोनियम, मग ढोलकी. पुढच्या बाकावरचा लातूरचा मुलगा डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरायला लागला. मागून कुणीतरी “वा!” म्हणालं. मग आवाज उचलला, आणि पहिल्या कडव्यात ते नाव आलं.

झाकणावरची बोटं थांबली. मी पाहत होते. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना अचानक भूक लागली. माना डब्यात गेल्या. सीआर स्पीकरच्या शेजारी बसलेला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. स्पीकरच्या डोक्यावरचं वजाबाकीचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग धरूनच ठेवलं. आवाज एकदम बंद नाही झाला, पायरी पायरीनं उतरत गेला. तेच जास्त लागलं. ओरडून बंद केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. दुसरं कडवं सुरू होण्याआधी खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. आणि तो म्हणाला, “ओके, पुढचा रोल नंबर.”

मी म्हणाले, “अजून दीड मिनिट आहे.”

तो म्हणाला, “अगं, राहू दे ना. कास्ट कशाला आणायची इथे?”

कास्ट मी आणली होती म्हणे! मी तर गायक आणला होता. त्याच गायकाचं विठ्ठलाचं गाणं लावलं तेव्हा मी तज्ज्ञ होते. पुढच्या रोल नंबरनं कसलंतरी पंजाबी गाणं लावलं आणि मला आठवतंय, ते पूर्ण वाजलं.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षक सरांनी बोलावलं. कुणी सांगितलं असेल ते असो. सर आवाज चढवून बोलले नाहीत. “तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण वातावरण बघतेस ना.” वातावरण मला माहीत होतं. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला जो हिंसाचार झाला तो आमच्या घरापासून काही फार लांब नव्हता. ३० जुलैला आरक्षणाच्या आंदोलनात चाकण पेटलं, बसगाड्या जळाल्या. त्या रात्री पप्पा किती वाजता आणि कसे घरी पोचले ते आम्हालाच ठाऊक. भीती मलाही कळते. पण एकही बस माझ्या गाण्यानं जाळली नव्हती. मी हे सरांना म्हणाले नाही. “हो सर” म्हणाले आणि बाहेर आले.

मग नियम आला: धार्मिक, राजकीय आणि जातीय गाणी नकोत. त्या नियमाचं पुढे काय झालं ते ऐका. त्याच आठवड्यात खंडोबाचं गाणं वाजलं. ते संस्कृतीत मोडलं. १९ फेब्रुवारीला पोवाडा वाजला आणि सगळे उभे राहिले. मीही राहिले, शाहिरी मला आवडते. फेब्रुवारीतच ‘गली बॉय’ आला आणि पुढचे कित्येक दिवस धारावीच्या पोरांचं रॅप आणि ‘आझादी’ वाजत राहिलं, वर्ग बाकं बडवत सोबत ओरडत होता. ते राजकीय नव्हतं. गॅदरिंगला समारोपाचा डान्स कशावर झाला? आनंद शिंदेंच्या पोपटावर. मी पहिल्या रांगेत बसून पाहत होते आणि मनात म्हणत होते, बापाला बंद करता आणि लेकावर नाचता.

ज्यांनी भीमगीतं कधी नीट ऐकली नाहीत त्यांना वाटतं, त्यात कुणाला तरी शिव्या असतील. अहो, मुलं शाळेत घाला, पोरींना शिकवा, दारू सोडा, एकीनं राहा, यातच निम्मी गाणी संपतात. बाबासाहेबांच्या हयातीत जलसे गावोगाव फिरले ते हेच सांगत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं वर्तमानपत्र तेच होतं. सीआरनं केंड्रिकबद्दल जे जे सांगितलं ते सगळं इथे होतं, आणि भाषा मराठी होती. कदाचित तीच अडचण असावी. अमेरिकेतलं दुःख ऐकताना आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

हे लिहिते आहे खरी, पण १४ एप्रिलला पिंपरी चौकात डीजेच्या भिंती लागतात तेव्हा मीच कानात कापूस घालते. वामनदादांचे शब्द त्या धडधडीत ऐकूच येत नाहीत, यावरून भावाशी माझं दरवर्षी वाजतं. कधी असंही वाटतं की घरचं गाणं होतं, घरीच ठेवायला हवं होतं; सगळंच सगळ्यांना ऐकवायचा अट्टाहास कशाला? मग वाटतं, शारदा सिन्हांचं गाणंही कुणाच्या तरी घरचंच होतं. ते त्यानं आणलं म्हणून तर मला मिळालं.

त्याच मुलानं, माझं गाणं बंद झालं त्या दिवशी, लोकलच्या वेळेला मला जिन्यात गाठलं. म्हणाला, “वो गाना भेजना. पूरा वाला.” शेअरइटवरून दिलं. एवढ्या वर्गातून मागणारा तो एकटाच.

सीआर वाईट मुलगा होता असं मात्र कुणी समजू नये. सबमिशनच्या वेळी मी आजारी होते तेव्हा माझ्या ड्रॉइंग शीट त्यानंच सरांपर्यंत पोचवल्या, नाहीतर मी डिटेन झाले असते. दर १४ एप्रिलला सकाळी त्याचा मेसेज येतो, बाबासाहेबांचा फोटो आणि ‘जय भीम’. मीही ‘जय भीम’ पाठवते. गाणं त्यानं कधी पाठवलेलं नाही, मीही नाही.

आता ज्या वर्गांत, होस्टेलांत, कंपनीच्या बसमध्ये असा स्पीकर फिरत असेल त्यांना एवढंच सांगायचं आहे. नियम करायचाच असेल तर पहिल्या दिवशी करा आणि सगळ्यांना एकच लावा. एखाद्याचं गाणं नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, वाद घाला, हवं तर बाहेर जा. पण ते अर्ध्यावर बंद करू नका. गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, तेवढ्यात कुणाचं काही बिघडत नाही.