पेरावरची कामटी

बांबूच्या वस्तूची पारख विकत घेणारा तिच्या विणीवरून करतो आणि ती बनवणारा कामटीवरून करतो. कामटी म्हणजे बांबू उभा चिरून काढलेली लांब, पातळ पट्टी. तिला बेळ असेही म्हणतात. वीण पाहून शिकता येते, चुकली तर उसवून पुन्हा घालता येते, आणि रिकामा वेळ असलेल्या कोणत्याही चिकाटीच्या माणसाला ती वर्षभरात बऱ्यापैकी साधते. कामटीचे तसे नाही, कारण एकदा वाकडी फाटलेली कामटी पुन्हा सरळ करण्याचा उपाय कोणालाही सापडलेला नाही. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडच्या परिसरात हे काम पोटापाण्यासाठी करणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या मते या धंद्याची सगळी कठीणता एकाच जागी साठलेली आहे आणि ती जागा म्हणजे पेर, म्हणजेच बांबूच्या दोन कांड्यांना जोडणारी गाठ.

कांड्यामधले तंतू बुंध्याकडून शेंड्याकडे सरळ आणि एकमेकांना समांतर जातात, त्यांना आडवे बांधून ठेवणारे काही नसते, म्हणून कोयत्याने तोंड करून दिले की चीर आपल्या बळावर पुढे धावते. चिरेचा कल मात्र नेहमी पातळ बाजूकडे असतो. दोन्ही हातांतले दोन भाग सारख्याच जोराने ओढले तर पातळ भाग अधिक वाकतो, चीर त्याच्याकडे सरकते, तो आणखी पातळ होतो आणि शेवटी शेपटासारखा निमुळता होऊन तुटतो. यावर उपाय असा, की जाड भाग जाणूनबुजून अधिक वाकवायचा आणि पातळ भाग शक्य तितका सरळ धरायचा, म्हणजे चीर मध्याकडे परत येते. जाडीतला हा फरक डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तो अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कळावा लागतो. आणि चिमटीला कळताक्षणी मनगटाने दिशा बदलावी लागते. जुना कारागीर बोलता बोलता कामट्या काढतो याचे नवख्याला आश्चर्य वाटते, परंतु त्यात त्याचे दुर्लक्ष नसते. हाताने घ्यायचे निर्णय त्याने हातावरच सोपवलेले असतात.

पेराशी आल्यावर हे शास्त्र संपते. तेथे तंतू सरळ राहत नाहीत, ते वळतात, एकमेकांना छेदतात, आणि त्यांतले काही आतल्या पडद्यात शिरतात. त्यामुळे कांड्यातून शहाण्यासारखी चालत आलेली चीर पेरावर अचानक उडी मारते आणि कोणत्या बाजूला मारील याचा भरवसा नसतो. यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे पेर आले की थांबावे, पाते पुन्हा बसवावे, हलके पिळून चीर पलीकडे न्यावी आणि मगच ओढावे. दुसऱ्या मताप्रमाणे थांबणे हाच दोष आहे, कारण थांबलेल्या चिरेला दिशा निवडायला सवड मिळते. म्हणून पेराच्या वीतभर आधीपासून वेग वाढवून एका दमात पार जावे. पहिल्या रीतीने कामटी वाचते, पण पेरावर पात्याची खूण राहते आणि विणताना ती जागा बोटाला टोचते. दुसऱ्या रीतीने जी कामटी निघते ती पेरावरही कांड्याइतकीच गुळगुळीत असते, मात्र अनेक कामट्या हातातच वाया जातात. प्रस्तुत लेखक आजवर दुसऱ्या रीतीचा कडवा पुरस्कर्ता राहिला आहे, आणि त्यामागे कौशल्यापेक्षा अहंकार अधिक होता हे नमूद करणे आवश्यक आहे: थांबून काढलेली कामटी त्याला शिकाऊ हाताची वाटत असे आणि दुसऱ्याच्या टोपलीतले असे पेर तो बाजारात उभ्या उभ्या ओळखत असे.

आता अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा आखडू लागला आहे. वयाबरोबर येणारी ही गोष्ट या धंद्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि तिने दुखण्याहून वेगळीच अडचण उभी केली आहे. चिमटीतली जाण बोथट झाली, त्यामुळे चीर सरकल्याचे पूर्वीपेक्षा क्षणभर उशिरा कळते आणि वेगाने पेर ओलांडण्याची रीत त्या एका क्षणावरच उभी होती. कानाचा आधार थोडाफार घेता येतो. सरळ चाललेली चीर एकसारखा, कोरडा, कापड फाडल्यासारखा आवाज करते आणि बाजूला वळू लागली की त्या आवाजात मधेच एक बारीक तटतट मिसळते. पण पेरावर आवाज नेहमीच तुटतो, म्हणजे जेथे कानाची सर्वाधिक गरज तेथेच तो निरुपयोगी ठरतो. पेराची बाहेरची कड आधी तासून घेणे, तेवढाच भाग भिजवून ठेवणे, दुसरे टोक पायाच्या अंगठ्यात न धरता खुंट्याला अडकवणे, असे सर्व उपाय करून झाले आहेत. त्यांनी नुकसान कमी होते, पण पेर सुटत नाही.

या अडचणीचा घराच्या राहणीशी असलेला संबंध सहसा कोणी लक्षात घेत नाही. शहरातली नोकरी सोडून गावच्या घरी साधेपणाने राहावे आणि हातच्या कलेवर जगावे ही कल्पना आज अनेकांना मोह घालते, आणि तिच्यात साधेपणा हा कलेने मिळणारा आनंद म्हणून रंगवला जातो. प्रत्यक्षात व्यवहार उलट दिशेने चालतो: कमी खर्चाचे घर हे या धंद्याचे भांडवल आहे. भात घरचे, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, चुलीला लाकूडफाटा, परसात कळक आणि माणगा यांची बेटे असली, की महिन्याला रोख रक्कम फार लागत नाही. कळक म्हणजे काटेरी, जाड आणि उंच वाढणारा बांबू, आणि माणगा म्हणजे कोकणात बांधावर लावला जाणारा, जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा बांबू. या रोख पैशाच्या कमी गरजेतून कारागिराला जे मिळते ते म्हणजे बिघडलेली कामटी टाकून देण्याचा अधिकार. ज्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला प्रत्येक कामटी कुठेतरी विणून टाकावीच लागते. त्याच्या टोपलीचे बूड कच्चे राहते ते हात कच्चा असल्यामुळे नव्हे. घरात दुचाकीचा हप्ता सुरू झाला की त्याचा परिणाम रोवळीच्या, म्हणजे तांदूळ धुवायच्या बारीक विणीच्या टोपलीच्या, विणीत दिसू लागतो, हे प्रस्तुत लेखकाने आसपासच्या चांगल्या हातांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्या हातांना दोष देणे त्याला मुळीच मान्य नाही.

ग्रामोद्योगाच्या चळवळीला हा संबंध ठाऊक होता. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम मगनवाडीतून चालवले, आणि त्या मांडणीत उत्पादन करणाऱ्याची राहणी व वापरणाऱ्याची राहणी हे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. अलीकडच्या काळात सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने मेळघाटातल्या लवादा या गावी घर करून कोरकू कारागिरांबरोबर संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, तेव्हा आधी ते तेथे राहायला गेले आणि मग धंद्याचा विचार झाला, हा क्रम महत्त्वाचा आहे. कायद्याने मात्र बांबूकडे फार काळ संशयाने पाहिले. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत असूनही १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला वृक्षांत धरले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले, २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाला आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला, आणि वनाबाहेरच्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती २०१७ मध्ये आली. तोवर आपल्या बांधावरचे बेट तोडून माल वाहतानाही माणूस दबकत असे.

साधेपणाचे हे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही, आणि महाड जवळ असल्यामुळे ती येथे विसरणे अधिकच अशक्य आहे. पाचाडहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या त्या गावी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि माणसाला जन्माने चिकटवलेला धंदा व दर्जा यांना त्या चळवळीने मुळापासून आव्हान दिले. बुरूडकाम हा ज्यांच्यावर जातीने आलेला धंदा होता, त्यांच्या मुलांनी कोयता खाली ठेवून शाळेची वाट धरली, तर त्याला कलेचा ऱ्हास म्हणण्याचा अधिकार बाहेरून हौसेने आलेल्या कोणालाही नाही. निवडलेले साधे घर आणि लादलेले गरीब घर बाहेरून सारखेच दिसते. दोन्हीकडे शेणाने सारवलेली जमीन असते, दोन्हीकडे पावसाळ्यात तीच ओल असते. फरक एवढाच, की पहिल्या घरातला माणूस दार उघडून परत जाऊ शकतो. प्रस्तुत लेखक पहिल्या घरातला आहे. याची जाणीव त्याला कामट्या टाकून देताना नेहमी असते, आणि तरीही तो त्या टाकतो.

स्पर्धेविषयी बोलायचे तर प्लॅस्टिकच्या सुपाचा राग धरण्यात अर्थ नाही, कारण ते स्वस्त आहे आणि पावसात कुजत नाही. त्याचा दोष एवढाच की गुळगुळीत पृष्ठभागावर दाणा आणि कोंडा बरोबरच घसरतात. बांबूच्या सुपात विणीचे बारीक उंचवटे दाण्याला क्षणभर अडवतात, कोंडा पुढे जातो, आणि पाखडणाऱ्या बाईच्या मनगटाला तो फरक लगेच कळतो. प्लॅस्टिकपेक्षा अधिक नुकसान शोभेच्या बांबूकामाने केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. रायगड पाहायला येणाऱ्यांची वर्दळ रज्जुमार्ग झाल्यापासून वाढली, ज्येष्ठात राज्याभिषेक सोहळ्याला तर पाचाडात पाय ठेवायला जागा नसते, आणि या गर्दीसाठी दिव्यांच्या छत्र्या, मोबाइल ठेवायचे खोके, जाड कामट्यांना चकचकीत रोगण फासलेल्या वस्तू विकाव्यात असा सल्ला प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात दिला जातो. त्या वस्तूंत भरपूर पैसा आहे, पण पेराचा प्रश्नच नाही. पेर दिसले तर ते सौंदर्य म्हणून खपते. ज्या कामात अडचणीला वळसा घालूनही पूर्ण दाम मिळतो, त्या कामाने हात पुढच्या पिढीत टिकत नाही. पाचाडातल्या जिजाऊंच्या वाड्यात तक्क्याची विहीर आहे, तेथे टेकून बसण्यासाठी दगडाचाच तक्क्या घडवलेला आहे. तो पाहताना घडवणाऱ्याने वापरणाऱ्याच्या पाठीचा विचार केला होता हे कळते, आणि तसा विचार शोभेच्या छत्रीत कोणी केलेला दिसत नाही.

मागणीचा खरा हंगाम आजही भाद्रपदात येतो. गौरीच्या सणात नवविवाहितेचा पहिला ओवसा असतो, म्हणजे सुपात फळे, भाज्या आणि वाण मांडून गौरीपुढे ओवाळण्याचा विधी असतो, आणि त्यासाठी नवी सुपे लागतात. अडचण अशी, की त्याच दिवसांत बेटात नवे कोंब वर येत असतात. तेव्हा तोड केली तर बेटाचे पुढच्या वर्षांचे नुकसान होते, आणि पावसाळी बांबूला कीडही लवकर लागते. म्हणून चांगला कारागीर थंडीत तीन वर्षांचे जून बांबू तोडून ठेवतो आणि भाद्रपदाआधी ते भिजवून चिरतो. सुकून पुन्हा भिजलेल्या बांबूचे पेर मात्र ताज्याहून हट्टी असते. सुपाचा आणि रोवळीचा काठ बांधताना प्रस्तुत लेखक एक वेढा जास्त देत असे. त्या वेढ्याने काठाला बळकटी येते असे तो आजवर सांगत आला. बळकटी काही येत नाही. दुसऱ्याच्या मालात आपला माल ओळखू यावा यासाठी तो वेढा आहे, आणि महाडच्या बाजारात एखाद्या बाईने काठावरून बोट फिरवून नाव न विचारता तीच रोवळी उचलली की झालेला आनंद मिळालेल्या पैशापेक्षा कितीतरी मोठा असे.

जवळच्या आदिवासी वाडीवर एक कातकरी बाई रोवळ्या विणते. ती पेराशी थांबत नाही, वेगही वाढवत नाही; पेर येण्याआधी ती दोन्ही भाग किंचित बाहेरच्या बाजूला पिळते आणि कामटी पलीकडे निघते. ही तिसरी रीत प्रस्तुत लेखकाने अनेकदा बारकाईने पाहिली, तिच्या शेजारी बसून केलीही, आणि आखडलेल्या अंगठ्याला ती पिळणी जमत नाही एवढेच सिद्ध झाले. यंदापासून त्याने रोवळ्या विणणे बंद केले आहे आणि जाड कामटीचे हारे व डालगी या टोपल्या तेवढ्या ठेवल्या आहेत, ज्यांत पेराशी थांबून पाते बसवले तरी वस्तूला बाध येत नाही. रोवळीचे गिऱ्हाईक आले की त्याला वाडीची वाट दाखवली जाते आणि भाव तिनेच सांगायचा असे ठरले आहे. तिचे म्हणणे असे, की त्याच्या गिऱ्हाइकांना तो जास्तीचा वेढा हवा असेल तर ती घालून देईल. त्याने अजून होकार दिलेला नाही.