शब्दमेघ: शोभा आणि हिशेब

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेकडे आलेल्या तक्रार-अर्जांचा गोषवारा काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ‘साहेबांच्या चटकन नजरेत भरेल असे काही करा’ अशी तोंडी फर्माईश असल्यामुळे मी अर्जांचा सर्व मजकूर संगणकाच्या स्वाधीन करून त्याचा शब्दमेघ, म्हणजे जो शब्द अधिक वेळा आला तो अधिक मोठ्या टायपात दाखविणारा पुंजका, सिद्ध केला. बहुतेक अर्ज पाण्याविषयीचे होते, हे गठ्ठे स्वतः चाळल्यामुळे मला ठाऊक होते; परंतु पडद्यावर ‘महोदय’ आणि ‘विनंती’ डोंगराएवढे उभे राहिले, आणि ‘पाणी’ मात्र शोधावे लागले. ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्याला’, ‘पाण्यावाचून’ यांतील प्रत्येकाला यंत्राने स्वतंत्र इसम मानून त्याचे निराळे खाते उघडले होते! ही सारी रूपे मूळ शब्दाच्या नावे जमा केल्यावर पाणी वाढले खरे. पण किरकोळ शब्द गाळताना मी ‘नाही’ही गाळला होता, त्यामुळे पाणी येत नाही म्हणणारा आणि पाणी गढूळ येते म्हणणारा, हे दोघेही अर्जदार एकाच ढगात विरघळून गेले.

या चित्रप्रकाराचे कूळ मात्र चांगले आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७६ साली पॅरिसकरांच्या मनातील पॅरिसचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा ज्या स्थळाचा उल्लेख अधिक झाला त्याचे नाव मोठ्या अक्षरांत घातले होते. मात्र प्रत्येक नाव शहरात आपापल्या जागी होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर शब्दाला जागा उरली नाही, तरी काम उरले होते: त्यावर टिचकी मारताच त्या विषयाची छायाचित्रे पुढे येत. २००८ मध्ये जोनाथन फाइनबर्ग यांचे ‘वर्डल’ हे शब्दमेघ काढून देणारे साधन आले आणि शब्द आडवेतिडवे रचले जाऊ लागले. तेथे जागेला अर्थ नाही, रंगालाही बहुधा नाही, उरतो तो केवळ आकार. आणि आकाराच्या बाबतीत आपली दृष्टी मोठी बेभरवशाची. टाइपाची उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. शिवाय ‘नळ’ आणि ‘अस्वच्छता’ समसमान वेळा आले तरी लांबीच्या बळावर ‘अस्वच्छता’च जिंकते.

म्हणून अपरिचित मजकुराशी प्रथम ओळख करून घ्यावयाची असेल, अथवा शब्दाशब्दातून पुढे वाट काढून द्यावयाची असेल, तर मी शब्दमेघ खुशाल वापरतो. पण कोणता विषय कितीने अधिक, असा सवाल येताच एका रेषेवर उभे केलेले साधे स्तंभ काढतो, कारण समान पायावरील उंची डोळा सहसा चुकत नाही.

नगरपालिकेच्या दफ्तरी अखेर दाखल झाला तो स्तंभालेखच, ‘पाणी येत नाही’ आणि ‘पाणी गढूळ येते’ असे दोन निरनिराळे स्तंभ असलेला. शब्दमेघ अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला, आणि तेथे तो शोभला.