पॉम्पेईची चाकोरी

वाचकहो, पाऊस उघडल्यावर गाडीवाटेची चाकोरी पाहून गाडी कुठून आली नि कुठे वळली, हे आपण घटकेत सांगतो. हीच विद्या दगडावर चालवायची असेल, तर इटलीत नेपल्सजवळच्या पॉम्पेईला चला.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वत फुटला आणि हे भरले शहर राखेखाली गाडले गेले. १७४८ पासून ते उकरणे चालू आहे. तटाच्या आतली जमीन सुमारे १६३ एकर. तिचा तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे.

रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे, आपल्या काळ्या फत्तराच्याच जातीचे. लोखंडी धावांनी त्यांत चाकोऱ्या पडल्या आहेत. मी उकिडवा बसून एकीत हात घातला, तर पंजा बुडाला! दोन्ही अंगांना उंच काठाचे दगड, त्यांवर पायवाट. एवढी उंची कशाला? बहुतेक रस्त्यांखाली गटार नव्हते. पावसाचे पाणी नि सांडपाणी वरूनच वाहे. म्हणून माणसांना ओलांडायला रस्त्यात मोठे दगड मांडले, आणि चाकांपुरत्या फटी ठेवल्या.

काठाच्या दगडांना भोकेही आहेत. कोणी म्हणतात जनावरे बांधायला, कोणी म्हणतात दुकानापुढच्या कनातीची दोरी ओवायला. मला तर ते दाव्याचेच भोक वाटते.

खरी मौज कोपऱ्यावर आहे. वळताना चाक काठाला घासते. ती घास दगडाच्या कोणत्या अंगाला आहे, यावरून गाडीची दिशा कळते. एरिक पोहलर या अमेरिकी अभ्यासकाने अशा शेकडो खुणा तपासल्या. गाड्या उजव्या हाताने चालत आणि काही अरुंद रस्ते एकेरी होते, असे त्यांचे म्हणणे. मुख्य चौकाच्या तोंडाशी तर उभे दगड रोवून गाड्यांना मज्जावच केला होता. त्या गाडीवानांची नावे कुठेच नाहीत. त्यांची रोजची वाट मात्र दगडात राहिली.

आमच्या गावच्या वेशीलाही दोन चिरे होते, तुंब्याच्या उंचीवर घासून गुळगुळीत झालेले. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा ते उपटून भरावात टाकले. मी तिथेच उभा होतो, बोललो नाही. डावा चिरा उजव्यापेक्षा जास्त झिजलेला होता, एवढे आठवते. भरल्या गाड्या त्या अंगाने आत येत की बाहेर जात, हे आता कोणाला विचारू?